तेरा नंबरची टोपी

व्लाहो मेला त्या सकाळी त्याची टोपी माझ्या अंगणात दोरीवर वाळत होती. तिच्या शेजारी आमच्या लुक्षाची. दोन्ही लाल, कारण वॉटर पोलोत गोलकीपरची टोपी लालच असते. पहिल्या गोलकीपरच्या टोपीवर एक नंबर, राखीव गोलकीपरच्या टोपीवर तेरा. एक नंबर उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने विटून गेलेली. तेरा नंबर मात्र दुकानातून आज आणल्यासारखी लालभडक, कारण ती धुण्याखेरीज भिजायचीच नाही. माझा नवरा चौदा वर्षं तेरा नंबर होता.

क्लबच्या टोप्या दुरुस्त करायचं काम माझ्याकडे असतं. हनुवटीखालच्या नाड्या तुटतात, कानांवरच्या प्लास्टिकच्या वाट्या निखळतात, सगळं माझ्याकडे येतं. व्लाहो रविवारी स्वतः टोपी घेऊन आला होता. तो आमचा कूम. आमच्या लग्नात लुक्षाच्या बाजूने साक्षीला उभा राहिला होता, आणि आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावाच्या वरचं मानतात. दारातूनच ओरडला, "कुमा, नाडी घट्ट शिव गं! तुझ्या नवऱ्याचा डोळा आहे टोपीवर."

"त्याचा कसला डोळा," मी म्हणाले. "माझा आहे."

तो खो खो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय. बशीतली दोन सुकी अंजिरं तोंडात टाकून, उंबऱ्यावर डोकं आपटू नये म्हणून नेहमीसारखा वाकून तो गेला. मंगळवारी बापाच्या होडीचा दोर बांधायला वाकला तो परत उठलाच नाही. हृदय. चौतीस वर्षांचा होता, म्हणजे लुक्षाच्याच वयाचा.

मेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. जे म्हणतात त्यांनी माझ्या नवऱ्याशी लग्न करून दाखवावं.

लुक्षा आणि व्लाहो एकाच धक्क्यावरून उड्या मारत पोहायला शिकले. दोघांचे हात लांब, दोघेही पाण्यात कमरेपर्यंत वर उसळायचे. वीस वर्षांचे असताना प्रशिक्षक एका शनिवारी दोघांतला कुठला गोलात उभा करायचा ते ठरवणार होता, आणि नेमका त्याच शनिवारी लुक्षा आजीची ऑलिव्ह उतरवायला डोंगरावर गेला. आजी म्हातारी, शिडीवर चढणार कोण? संध्याकाळी खाली आला तोवर व्लाहो गोलात उभा राहिला होता, आणि मग राहिलाच. त्या ऑलिव्हचं तेल चांगलं निघालं असं सासूबाई अजून सांगतात. मी ते तेल कधी तोंडात घातलं नाही.

लुक्षा फेरीबोटीवर कामाला आहे. गाड्या बोटीत चढताना हात हलवून "पुढे, अजून पुढे, बस" असं सांगायचं. म्हणजे कामावरही दुसऱ्यांना जागा दाखवायची आणि क्लबातही. सामन्याला हा बाकावर बसायचा, कोरडाठाक, टोपी डोक्याला बांधून, मांडीवर व्लाहोचा टॉवेल. विश्रांतीत व्लाहो काठाला आला की हा टॉवेल द्यायचा, पाण्याची बाटली द्यायचा, कानात काहीतरी सांगायचा. मी वर प्रेक्षकांत बसून दात चावायची. घरी आल्यावर म्हणायची, "आज टॉवेल छान दिलास हं." त्यावर तो म्हणायचा, "व्लाहोने तो तिसरा कसला अडवला, बघितलास?" आणि सूप प्यायला लागायचा. या माणसाच्या पोटात मत्सर नावाची वस्तू घालायलाच देव विसरला असावा, असं मला वाटायचं. मग त्याच्या वाटणीचाही मीच करायची. कुणीतरी करायला नको?

तर व्लाहो गेला आणि गावाने दुकानं लावून घेतली. फेरीबोटीने धक्का सोडताना लांबलचक भोंगा दिला. दुपारपर्यंत बंदरावरच्या तुतीच्या झाडाला काळ्या चौकटीचा कागद लागला. त्यावर हसरा फोटो, आणि खाली दुःखात असलेल्यांची नावं: आईवडील, बायको देशा, दोन मुली, कूम लुक्षा आणि कुटुंब. त्या 'आणि कुटुंब' मध्ये मी होते. लोक झाडापाशी येत, कागदाला हात लावत, तो हात ओठांना लावत. चर्चच्या पायऱ्यांवर सोळा-सतरा वर्षांची पोरं ओक्साबोक्शी रडत होती. मी बादली घेऊन बाहेर पडले होते, पण त्या गर्दीत मला मासळीही घेता आली नाही.

आणि मी रडले नाही असं समजू नका. रडले. स्वयंपाकघरात, कांदा चिरायच्या आधीच. अंजिरांची बशी तशीच टेबलावर होती. पण रडता रडताच माझ्या मनात आलं, शनिवारी सामना आहे, आणि गावात गोलकीपर आता एकच उरलाय.

तेवढ्यात ओर्सात दारात आला. ओर्सात संघाचा कॅप्टन, चांगला दांडगा गडी, पण नाक लाल झालेलं. आमच्याकडे मानाने बाईला शोरा म्हणतात, बाप्याला शोर. म्हणाला, "शोरा पेरिना, व्लाहोची टोपी तुमच्याकडे आहे ना? शवपेटीवर ठेवायची. मग त्याच्याबरोबरच जाईल."

टोपी दोरीवरून काढून मी आत आणली होती. नवी नाडी घातलेली, घडी केलेली, माझ्या मागच्या पिठाच्या डब्यावर ठेवलेली. मी थोडी बाजूला सरकून उभी राहिले.

"नाही रे बाबा," मी म्हणाले. "सोमवारी घेऊन गेला तो."

"देशा म्हणते घरी नाही."

"मग होडीत असेल. नाहीतर समुद्रात. मला काय विचारतोस?"

ओर्सात गेल्यावर मी टोपी पिठाच्या डब्यात घातली आणि वरून पीठ सारलं. का केलं ते मला चांगलं ठाऊक होतं. पुरली असती तर संपलं असतं. पुरली नाही, तर शनिवारी कुणालातरी घालावी लागणार होती.

दफनविधी गुरुवारी झाला. आमचं कब्रस्तान खाडीच्या टोकाशी आहे आणि पेटी होडीतून नेतात. खेळाडू गेला तर संघ टोप्या घालून होडीमागून पोहत जातो, ही इथली रीत. काठावर पोरांनी भरदिवसा लाल मशाली पेटवल्या, धूर सगळ्या पाण्यावर पसरला. पेटीवर क्लबच्या कपाटातली जुनी टोपी ठेवली होती, इतकी विटलेली की गुलाबी वाटत होती. आणि होडीमागून संघ निघाला, नंबरांच्या क्रमाने. दोन, तीन, चार, आणि असं करत करत सगळ्यांच्या मागे तेरा.

मी धक्क्यावर उभी होते. माझ्या शेजारच्या बाईने हुंदका देत म्हटलं, "काय दृश्य आहे गं!"

"हो ना," मी म्हणाले. "मढ्याच्या मागेसुद्धा शेवटचा."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंडावर रुमाल धरला. देशा होडीत बसली होती. काळा पोशाख तिला शोभत होता, तिला काहीही शोभतं. अख्खं गाव रांगेत उभं राहून तिच्या गालांचे मुके घेत होतं. चौदा वर्षं सामन्यानंतरही रांग तिच्याकडेच लागायची, अभिनंदनाची. मी मागे पिशव्या सांभाळत उभी.

दफनानंतर क्लबमध्ये जेवण होतं. खारवलेले मासे, पाव, चीज आणि रकिया, म्हणजे आमची फळांची कडक दारू. पहिल्या पेल्याला सगळे गप्प होते, दुसऱ्याला आठवणी निघाल्या, आणि तिसऱ्यापासून मेलेली म्हैस मणभर दूध द्यायला लागली. व्लाहोने एका हाताने अडवलेला चेंडू डोक्याने अडवलेला झाला. डोक्याने अडवलेला डोळे मिटून अडवलेला झाला. मी मुकाट्याने काटे काढत होते.

मग क्लबचे अध्यक्ष शोर बाल्दो उभे राहिले. पोट पुढे, डोळ्यांत पाणी. म्हणाले, "मला तर ती पेनल्टी आठवते. खाडीपलीकडच्यांविरुद्ध, गारा पडत होत्या तेव्हाची. शेवटचं मिनिट, आपण एका गोलने पुढे. आणि आपला व्लाहो असा डावीकडे झेपावला, दोन बोटं लावली, चेंडू दांडीवर! अजून अंगावर काटा येतो."

माझ्याही अंगावर आला. कारण ती पेनल्टी लुक्षाने अडवली होती. त्याच्या आयुष्यातली तेवढी एक. मी वर गारा खात बसले होते, माझ्या कपाळाला टेंगूळ आलं होतं. त्या रात्री त्याने टोपी काढलीच नाही, टोपी घालूनच जेवला.

मी लुक्षाकडे पाहिलं. तो पेला हातात घेऊन मान हलवत होता. "हो," तो म्हणाला, "काय अडवली होती!"

आता माणसाने किती गिळायचं? मी ताटली खाली ठेवली.

"ती लुक्षाने अडवली," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले. "शोर बाल्दो, डावीकडे नाही, उजवीकडे. दोन बोटं नाही, मनगट. आणि लुक्षाने."

ओर्सातने नजर खाली घातली. कुणीतरी पुटपुटलं, "आज तरी नको होतं, बाई." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. लुक्षाचे कान टोपीच्या रंगाचे झाले होते.

आणि मग देशा बोलली. कोपऱ्यातून, शांतपणे. "पेरिना खरं सांगते. व्लाहो त्या दिवशी तापाने फणफणला होता. मी उशाशी बसून कपाळावर घड्या ठेवत होते. लुक्षानेच अडवली. व्लाहोने मला शंभरदा सांगितलंय."

संपलं. सगळ्यांचे डोळे भरून आले. काय मन आहे या बाईचं, अशा वेळीसुद्धा! दोघी-तिघी उठून तिला बिलगल्या. पेनल्टी माझ्या नवऱ्याची, खरं बोलले मी, आणि मुके पुन्हा तिलाच. लुक्षाच्या पाठीवर एकाने थाप मारली खरी, पण ती मारणाऱ्याला पलीकडची मिठाची वाटी हवी होती.

शोर बाल्दोंनी घसा साफ केला. म्हणाले, क्लबने ठरवलंय की एक नंबरची टोपी यापुढे कुणी घालायची नाही. ती कायमची व्लाहोची. शनिवारी लुक्षा गोलात असेल, तेरा नंबर घालून. सगळ्यांनी टेबलांवर हात आपटले. लुक्षानेही आपटले.

घरी जाताना मी म्हणाले, "जिवंत होता तेव्हा त्याने दिली नाही, मेला तरी देईना. बरोबर घेऊनच गेला. आणि तू टेबल बडवतोस!"

"दमलो गं मी पोहून," लुक्षा म्हणाला.

"दमणारच. सगळ्यांच्या मागे पोहायला जास्त जोर लागतो."

दुसऱ्या दिवशी आमच्यात बोलणं असं झालंच नाही. मीठ दे, दार लाव, एवढंच.

शनिवारी सकाळी तो कामावर असताना मी पिठाच्या डब्यातून टोपी काढली. झटकली, कानांच्या वाट्यांतलं पीठ ओल्या फडक्याने पुसलं. त्याच्या खेळाच्या पिशवीतून तेरा नंबर काढून माझ्या पर्समध्ये घातली आणि तिच्या जागी एक नंबर ठेवली. माझा हिशोब सरळ होता. पिशवी उघडेल, दुसरी टोपी नाही, सामन्याला पाच मिनिटं. घालेल. एकदा त्या डोक्यावर एक नंबर गावाला दिसू दे, मग शोर बाल्दोंनी खाली उतरून काढून दाखवावी.

आमचा तलाव म्हणजे बंदरातच दोऱ्यांनी आखलेला समुद्र. तिन्ही बाजूंच्या दगडी पायऱ्या भरल्या होत्या. खाडीपलीकडचे खेळाडूही दंडाला काळी फीत बांधून आले होते. देशा पुढच्या पायरीवर, दोन्ही मुली दोन बाजूंना. मी नेहमीच्या जागी वर. खेळाडू एकेक करून पाण्यात उतरले, पण लुक्षा दिसेना. मग तो कपडे बदलायच्या खोलीतून बाहेर आला. उघड्या डोक्याने. हातात एक नंबरची टोपी. त्याने तिच्याकडे पाहिलं, नव्या नाडीवरून बोट फिरवलं. नाडी माझी, शिवण माझी. चौदा वर्षं सोबत राहिलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

तो पायऱ्या चढून सरळ माझ्याकडे आला. सगळं गाव मान वळवून पाहत होतं.

"पेरिना," तो हळूच म्हणाला. "तेरा कुठे आहे?"

"डोक्यावर घाल ती हातातली."

"तेरा दे."

"का? हिने तुझं डोकं दुखेल?"

त्याने फक्त तळहात पुढे केला. आवाज चढवला नाही, डोळे वटारले नाहीत. त्याच्या तळहाताला फेरीच्या दोरांनी घट्टे पडलेत, ते माझ्या नाकासमोर आले. मी पर्स उघडली. दिली. पंचाने शिट्टी वाजवली.

मग लुक्षा पाण्यात उतरला, गोलापाशी गेला, आणि एक नंबरची टोपी त्याने आडव्या दांडीला, मधोमध, माझ्याच नाडीने बांधली. दोन गाठी मारल्या. पायऱ्यांवर असा काही हुंदका उठला की विचारू नका. कुठे सापडली, कशी सापडली, कुणी विचारलंच नाही. ओर्सात पाण्यातून माझ्याकडे बघून छातीवर हात ठेवत होता. त्याला वाटलं, मीच शोधून आणून दिली. मी आयुष्यात पहिल्यांदा गावाची लाडकी झाले आणि मला ओरडावंसं वाटत होतं.

गोलकीपर गेला की पुढच्या सामन्याची पहिली चढाई रिकाम्या गोलावर होते, हीही इथली रीत. लुक्षा काठाला धरून राहिला. पलीकडचे चेंडू घेऊन पुढे आले, हातांतल्या हातांत फिरवत राहिले, समोर उघडा गोल, दांडीला हलणारी टोपी. त्या चढाईची वेळ संपत आली तेव्हा त्यांच्या कॅप्टनने चेंडू गोलासमोर पाण्यावर ठेवला आणि मागे सरकला. अख्खं गाव उभं राहून टाळ्या वाजवत होतं. रिकाम्या गोलाला जेवढ्या टाळ्या पडल्या तेवढ्या माझ्या नवऱ्याला चौदा वर्षांत मिळून पडल्या नव्हत्या.

मग तो त्या टोपीखाली गेला आणि खेळायला लागला.

आणि कसा खेळला! पहिलाच जोरदार फटका त्याने छातीवर घेतला. दुसरा एका हाताने वरच्या वर उडवला. पायऱ्या पेटल्या, लोक बेभान होऊन ओरडायला लागले. काय ओरडत होते? "व्लाहो! व्लाहो!" तिसरा अडवला, "व्लाहो! व्लाहो!" मी उठून उभी राहिले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "लुक्षा!" आजूबाजूचे बघायला लागले. बघू देत. पुन्हा ओरडले. माझ्या एकटीचा आवाज त्या गदारोळात म्हणजे भोंग्यापुढे पिपाणी. पण त्याने एकदा वर पाहिलं, एवढं मात्र मी पाहिलं.

शेवटच्या मिनिटाला सात-सात होते. त्यांच्या डावऱ्याने चेंडू पाण्यावर टप्पा देऊन मारला, तो लुक्षाच्या काखेखालून गेला. हरलो. लोक देशाभोवती जमले. माझ्या मागून कुणीतरी म्हणालं, "बिचाऱ्याने जीव तोडला, पण व्लाहो असता तर..." मी वळून त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने वाक्य तिथेच सोडलं.

सूर्य अजून पाण्यावर होता तेव्हा आम्ही घराकडे निघालो. धक्क्यावरून, नेहमीच्या वाटेने. लुक्षाने तेरा नंबर हातात धरली होती. तिच्यातून पाणी ठिबकत होतं. मला राहवेना.

"त्या बाल्दोला मी सोडणार नाही," मी म्हणाले. "कुणी अधिकार दिला त्याला टोपी बंद करायचा? आज तू त्या टोपीत खेळला असतास तर तुझं नाव घेतलं असतं लोकांनी."

"बाल्दोने नाही केली," लुक्षा म्हणाला. "मी सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"टोपी बंद करा म्हणून. व्लाहो गेला त्याच दिवशी. बाल्दो तर मलाच देत होता, तू आता एक नंबर म्हणून. मी म्हटलं, द्याल तर मी पाण्यात उतरणार नाही."

मी धक्क्यावरच थांबले. चौदा वर्षांत मला शब्द कमी पडले नव्हते, ते तेव्हा पडले. एवढंच निघालं, "गाढवा, का?"

तो टोपी पिळत राहिला. पाणी संपलं तरी पिळत राहिला.

"मला ती त्याच्या डोक्यावरून काढायची होती, पेरिना. तो जिवंत असताना. तो बाकावर बसलाय कोरडा, मांडीवर माझा टॉवेल, आणि मी पाण्यात. त्याने बघायला हवं होतं. त्यासाठी रोज पहाटे उठून पोहत होतो मी, तुला काय वाटलं, तब्येतीसाठी? दर शनिवारी बाकावर बसून म्हणायचो, देवा, हा सुटू दे. हा एक सुटू दे. आणि तो हरामखोर अडवायचा. आणि आता पळाला. मला एकदाही हरवू न देता पळाला. मेलेल्याची टोपी घालून मी काय करू? कुणाला दाखवू?"

तो रडत होता. दफनाच्या दिवशीही रडला असणार, पण पाण्यात असल्यामुळे कुणाला कळलं नव्हतं, मलाही नाही.

"म्हणजे तूसुद्धा जळत होतास?" मी विचारलं.

"आतून कोळसा झालाय."

"मग मला कधी बोलला का नाहीस?"

"तू एकटीच दोघांचं जळत होतीस," लुक्षा नाक पुसत म्हणाला. "म्हटलं, मीही सुरू केलं तर घर पेटेल."

मला हसू आलं. खरंच आलं, भर धक्क्यावर, गावाच्या सुतकात. इतकी वर्षं मला वाटत होतं, या घरात मी एकटीच अशी आहे, वाईट, काळ्या मनाची. आणि हा माझ्याच शेजारी झोपून माझ्यापेक्षा जास्त जळत होता. मी त्याच्या हातातून टोपी घेतली आणि त्याचा दंड धरला.

तुतीच्या झाडापाशी आलो. कागदाचा एक कोपरा वाऱ्याने सुटला होता. लुक्षाने तो अंगठ्याने दाबून बसवला आणि फोटोतल्या व्लाहोकडे पाहत म्हणाला, "तो शेवटचा टप्प्याचा होता. तूसुद्धा अडवला नसतास."

नवऱ्याची बाजू घ्यायची सवय मला जन्माची. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"अडवला असता," मी म्हणाले.

लुक्षाने कागदाचा कोपरा पुन्हा एकदा दाबला.

"हो," तो म्हणाला. "अडवला असता."